शोषखड्डा खणण्यापूर्वी जमिनीची पारख

महाराष्ट्रातील जुन्या खेड्यांची रचना पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. घरे पांढरीत आणि शेते काळीत, अशी विभागणी आपल्या पूर्वजांनी फार विचारपूर्वक केलेली होती. काळी जमीन पीक चांगले देते, परंतु ओल लागताच फुगते, वाळताच भेगाळते व घराचा पाया हलवते. म्हणून गावठाण उंचवट्यावर, निचऱ्याच्या पांढऱ्या मातीवर वसवण्याची रीत पडली.

आता ही रीत मोडली आहे. वाढते कुटुंब, पिकाची राखण, जनावरांची सोय अशा अनेक कारणांनी शेतकरी शेतात वस्ती करून राहू लागला आहे. रस्त्याकडेच्या जमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या जात आहेत. या घरांना शौचालये आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र गटार नसल्याने प्रत्येक घराचे सांडपाणी त्याच घराच्या जमिनीत मुरवावे लागते. ती जमीन हे काम करण्यास समर्थ आहे किंवा नाही, याची चौकशी बांधकामापूर्वी क्वचितच होते. परिणाम पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच दिसू लागतात. कोठे शोषखड्डा तुडुंब भरून अंगणात घाण पाणी पसरते व घरातील मंडळी शौचालय वापरणेच सोडून देतात. कोठे याच्या उलट, खड्डा वर्षानुवर्षे भरतच नाही. घरधनी निर्धास्त असतो, आणि दूषित पाणी खडकाच्या भेगांतून त्याच्याच विहिरीत उतरत असते.

या दोन्ही आपत्ती टाळण्याचा उपाय सोपा व अल्पखर्चाचा आहे. कुदळ, पहार, चार बादल्या पाणी, मोजपट्टी आणि घड्याळ एवढ्या साहित्यावर कोणाही शेतकऱ्यास आपल्या जमिनीची पारख करता येते.

जमीन कोणते काम करते?

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध असते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर जाते, एवढेच. त्या पाण्यात विषमज्वर, कॉलरा, हगवण व कावीळ यांचे रोगजंतू असू शकतात. खरे शुद्धीकरण त्यापुढे मातीत घडते. मातीचे सूक्ष्म कण जंतूंना गाळतात व धरून ठेवतात. मातीच्या पोकळ्यांत हवा खेळती असेल तर मातीतील उपयुक्त सूक्ष्मजीव घाणीचे विघटन करतात आणि रोगजंतू हळूहळू मरतात.

यासाठी दोन गोष्टी लागतात. माती पाणी पिणारी असावी आणि ती ते सावकाश, गाळून पिणारी असावी. घट्ट चिकण माती पाणी पीतच नाही. जाड वाळू, भेगाळ खडक किंवा भोके असलेला जांभा पाणी तत्काळ गिळतो, परंतु गाळत नाही. पहिल्या जमिनीचा दोष डोळ्यांना दिसतो व नाकाला जाणवतो. दुसऱ्या जमिनीचा दोष विहिरीचे पाणी पिणाऱ्यांच्या आजारातूनच कळतो. म्हणून तो अधिक धोक्याचा समजावा.

नत्राबाबत येथे एक इशारा द्यावयास हवा. मैल्यातील नत्राचे मातीत नायट्रेट बनते व ते मातीच्या कणांना चिकटून न राहता पाण्याबरोबर खाली जाते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. अधिक नायट्रेट असलेले पाणी तान्ह्या मुलांना विशेष अपायकारक असते. म्हणून माती कितीही चांगली असली तरी विहिरीपासूनचे अंतर राखलेच पाहिजे.

प्रथम नजरेची पारख

चाचणीस हात घालण्यापूर्वी जमीन नीट पाहावी. दख्खनच्या पठारावर शेतकऱ्याजवळ यासाठी एक उत्तम साधन असते, ते म्हणजे त्याची किंवा शेजाऱ्याची न बांधलेली विहीर. तिच्या कडांत जमिनीचे सारे थर उघडे दिसतात. वर माती किती जाड आहे, तिच्याखाली मुरूम आहे काय, मऊ मांजऱ्या कोठे लागतो, काळा पाषाण किती खोल आहे आणि झरे कोणत्या थरातून येतात, हे सर्व तेथे वाचता येते. पावसाळ्याअखेर पाणी कोठवर चढते याची खूण कडेवर उमटलेली असते. शोषखड्ड्याचा तळ या सर्वांत उंच पाण्याच्या पातळीपासून किमान दोन मीटर वर राहावा. उन्हाळ्यातील पातळीवरून हिशेब करणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

त्यानंतर नियोजित जागी एक निरीक्षण-खड्डा खणावा. तो शोषखड्ड्याच्या नियोजित तळापेक्षाही शक्यतो मीटरभर खोल असावा. भुसभुशीत मातीत कडा ढासळण्याची भीती असते, म्हणून खड्डा वर रुंद व पायऱ्या-पायऱ्यांनी खणावा आणि एकट्या माणसाने त्यात उतरू नये. प्रत्येक थरातील मूठभर माती ओली करून हातात मळावी. तिची लांब, लवचिक पट्टी निघत असेल तर चिकण मातीचे प्रमाण अधिक आहे असे समजावे. गोळा होतो पण पट्टी लगेच तुटते ती पोयट्याची माती. गोळाच टिकत नाही ती रेताड माती. करड्या-राखी रंगात तांबूस ठिपके दिसले तर तो थर वर्षातील काही काळ पाण्यात बुडून राहतो, असे अनुमान काढावे. काळ्या मातीत मात्र हे ठिपके काळ्या रंगाने झाकले जातात. तेथे विहिरीच्या पातळीवरच भिस्त ठेवावी.

चोपण जमीन, पाणथळ जागा, ओढ्याचा पूर येणारा काठ आणि जेथे हातभर मातीखाली अखंड कातळ लागतो अशी बरड जमीन, या जागा नजरेच्या पारखीतच बाद कराव्यात.

पाझर-चाचणी कशी करावी?

जमिनीत पाणी मुरण्याचा वेग मोजून तिची योग्यता ठरवण्याची ही पद्धत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन यांच्या कामातून रूढ झाली. आपल्याकडे सेप्टिक टाकीविषयीच्या भारतीय मानक क्रमांक २४७० मध्ये तिचा समावेश आहे. तिची कृती पुढीलप्रमाणे आहे.

१. ज्या खोलीवर पाणी मुरवावयाचे आहे त्याच खोलीवर चाचणी घ्यावी. वरच्या नांगरटीच्या थरात घेतलेली चाचणी निरुपयोगी होय. मोठा खड्डा खणून त्याच्या तळाशी १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचे, सरळ कडांचे लहान छिद्र पाडावे.

२. कुदळीच्या घावाने कडा गुळगुळीत होऊन मातीची तोंडे बुजतात. म्हणून टोकदार खिळ्याने कडा व तळ खरवडावे, सुटी माती काढावी आणि तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी किंवा जाड वाळू पसरावी.

३. खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरावे व ते मुरेल तसे पुन्हा घालून माती चांगली भिजू द्यावी. प्रत्यक्ष मोजणी पहिले पाणी घातल्यापासून २४ तासांनी करावी. या चाचणीचा सारा प्राण या भिजवणीत आहे.

४. दुसऱ्या दिवशी छिद्रात पाणी उरलेले असेल तर त्याची पातळी खडीवर १५ सेंटिमीटर करून अर्ध्या तासात ती किती मिलिमीटर उतरते ते मोजावे. पाणी उरले नसेल तर १५ सेंटिमीटर पाणी भरून दर अर्ध्या तासाने उतार मोजावा, प्रत्येक वेळी पातळी पुन्हा १५ सेंटिमीटर करावी आणि असे चार तास चालवावे. मोजणीसाठी छिद्रावर आडवी फळी ठेवून तिच्यावरील एका ठरावीक खुणेपासूनच माप घ्यावे.

५. रेताड मातीत १५ सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच नाहीसे होत असेल तर दर दहा मिनिटांनी मोजावे व एक तास चाचणी चालवावी.

६. फक्त शेवटचा उतार हिशेबात घ्यावा. पाणी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारी मिनिटे म्हणजे त्या जमिनीचा पाझर-काळ. अर्ध्या तासाची मोजणी असेल तर ७५० या आकड्यास शेवटच्या उताराच्या मिलिमीटरांनी भागावे. दहा मिनिटांची असेल तर २५० ला भागावे.

नियोजित जागेत अशी किमान तीन छिद्रे थोड्या थोड्या अंतरावर घ्यावीत. तिन्हींचे निकाल फार भिन्न आले तर सरासरी काढून मोकळे होऊ नये; जमीन एकसारखी नाही असे समजून आणखी छिद्रे घ्यावीत.

कोरड्या जमिनीचा कौल मानू नये

भिजवणीचे महत्त्व काळ्या जमिनीत विशेष आहे. या मातीतील चिकण कण पाणी लागताच फुगतात. वैशाखात तिला पडलेल्या भेगांत घागरभर पाणी ओतले तर ते क्षणात दिसेनासे होते आणि पाहणारास वाटते की जमीन फार शोषक आहे. तीच जमीन श्रावणात मिटते व शेतात पाणी उभे राहते. गवंडी बहुधा उन्हाळ्यात, पावसापूर्वी खड्डा खणतो. तेव्हा एक बादली ओतून घेतलेली परीक्षा भेगांची होते, मातीची होत नाही.

मध्यम प्रतीच्या जमिनीतही हा फरक पडतो. समजा, पहिल्या अर्ध्या तासात पाणी ४८ मिलिमीटर उतरले व चार तासांअखेर उतार ३० मिलिमीटरवर स्थिरावला. पहिल्या मोजणीने पाझर-काळ सुमारे १६ मिनिटे येतो, तर शेवटच्या मोजणीने २५ मिनिटे. पहिला आकडा धरून खणलेला खड्डा प्रथमपासूनच अपुरा ठरतो.

म्हणून चाचणीस सर्वांत योग्य काळ म्हणजे भाद्रपद-आश्विन. त्या वेळी माती भिजलेली असते व भूजल उंच असते. बांधकाम उन्हाळ्यात करावयाचे असले तरी चाचणी आधीच्या पावसाळ्याअखेर उरकून ठेवावी. ते शक्य नसेल तर काळ्या जमिनीत एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवस भिजवण करावी.

निकालाचा अर्थ

पाझर-काळ ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा किंवा पाझर-चर यांपैकी काहीही चालते. ३० ते ६० मिनिटांच्या दरम्यान असेल तर शोषखड्डा करू नये; उथळ व लांब पाझर-चर काढावेत. ६० मिनिटांपेक्षा अधिक असेल तर त्या जमिनीत सेप्टिक टाकीचे पाणी मुरवण्याचा नादच सोडावा.

आकार ठरवण्यासाठी दर चौरस मीटर शोषण-क्षेत्रास रोज किती लिटर पाणी द्यावे, याचे प्रमाण ठरलेले आहे. २०४ या आकड्यास पाझर-काळाच्या वर्गमुळाने भागले असता ते मिळते. सोयीसाठी काही आकडे पुढे दिले आहेत.

पाझर-काळ ४ मिनिटे : १०२ लिटर
पाझर-काळ ९ मिनिटे : ६८ लिटर
पाझर-काळ १६ मिनिटे : ५१ लिटर
पाझर-काळ २५ मिनिटे : ४१ लिटर
पाझर-काळ ३६ मिनिटे : ३४ लिटर
पाझर-काळ ४९ मिनिटे : २९ लिटर
पाझर-काळ ६० मिनिटे : २६ लिटर

हे आकडे पाहून कोणासही शंका येईल. २५ मिनिटे पाझर-काळाच्या जमिनीत स्वच्छ पाणी दर मिनिटास एक मिलिमीटर, म्हणजे दिवसभरात दर चौरस मीटरला १,४४० लिटर मुरते. मग परवानगी केवळ ४१ लिटरांची का? कारण असे की, चाचणी स्वच्छ पाण्याने होते, परंतु खड्ड्यात मैलापाणी जाते. त्यातील बारीक घाण व जंतू यांचा बुळबुळीत थर मातीच्या तोंडाशी साचतो आणि शोषणाचा वेग फार घटतो. हा थर पाणी गाळण्यास उपयोगी असतो. मात्र त्यासाठी क्षेत्र मोठे ठेवावे लागते. ‘जमीन एवढे पाणी पिते, मग खड्डा लहान चालेल’ हा गवंड्याचा हिशेब येथेच चुकतो.

आता एक उदाहरण घेऊ. पाच माणसांच्या कुटुंबातून टाकीत रोज २०० लिटर पाणी जाते व पाझर-काळ २५ मिनिटे आहे. २०० भागिले ४१ म्हणजे सुमारे ५ चौरस मीटर क्षेत्र हवे. शोषखड्ड्यात पाणी येणाऱ्या नळाच्या खालील भिंतींचे क्षेत्र धरतात. एक मीटर व्यासाच्या खड्ड्यात दर मीटर खोलीस सुमारे ३.१ चौरस मीटर क्षेत्र मिळते. म्हणून नळाखाली १.६ मीटर खोली लागेल. पाझर-काळ ४९ मिनिटे असता सुमारे ७ चौरस मीटर क्षेत्र लागेल. चराच्या बाबतीत फक्त तळाचे क्षेत्र धरतात. तेव्हा ६० सेंटिमीटर रुंदीचा चर सुमारे १२ मीटर लांब काढावा लागेल.

निकाल फार चांगला आला तरी सावध राहावे. पाणी २५ मिलिमीटर उतरण्यास एक मिनिटही लागत नसेल, किंवा छिद्रात भेग, बीळ अथवा जांभ्यातील पोकळी आढळली, तर ती जमीन उत्तीर्ण झाली असे मानू नये. जाड वाळूच्या जमिनीत खड्ड्याचा तळ अभेद्य करून भोवताली ५० सेंटिमीटर जाडीचे बारीक वाळूचे वेष्टन देतात. भेगाळ खडकात मात्र जागा बदलणे हाच पहिला उपाय होय.

अंतराचा हिशेब

मुरवणीची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर व राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावी. भेगाळ खडकात हे किमान अंतरही पुरेसे समजू नये. उतारावर विहीर वरच्या अंगास व खड्डा खालच्या अंगास असावा.

या अंतराचा अर्थ जमीन विकत घेताना नीट समजून घ्यावा. विहिरीभोवती १८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे १० गुंठे जमीन येते. दोन गुंठ्यांचा तुकडा घेणाराने तो या वर्तुळात पडतो काय हे पाहावे. ती विहीर शेजाऱ्याची असली तरी नियम तोच. खरेदीखतावर सही होण्यापूर्वी घेतलेली चाचणी मोठे नुकसान वाचवते. घर उभे राहिल्यावर जागा बदलता येत नाही.

जमीन नापास झाली तर

चाचणीचा निकाल प्रतिकूल आला म्हणून शौचालयाचा विचार सोडण्याचे कारण नाही. पद्धत बदलावी. भूजल उंच असेल तर पाझर-चर जमिनीच्या पातळीवर किंवा भराव घालून तिच्या वर बांधता येतात. काळ्या जमिनीत सेप्टिक टाकीऐवजी दोन खड्ड्यांचे शौचालय बहुधा अधिक सोयीचे ठरते. त्यात पाणी फार थोडे, दर माणशी रोज सुमारे १० लिटर लागते. अशा जमिनीत खड्ड्याचा आकार ठरवताना दर चौरस मीटरला केवळ १० लिटर शोषण धरावे आणि खड्ड्याच्या बांधकामाबाहेर सभोवार किमान ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू किंवा बारीक खडीचा थर द्यावा. पाच माणसांस सुमारे ५ चौरस मीटर क्षेत्र पुरते. न्हाणीचे व धुण्याचे पाणी या खड्ड्यांत न सोडता निराळे काढून परसबागेस द्यावे.

या पद्धतीत एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवतात. बंद खड्ड्यातील मैल्याचे पुरेशा काळाने दुर्गंधीरहित खत बनते. मैल्याचे सोनखत करून तो शेतीस लावण्याचा पुरस्कार अप्पासाहेब पटवर्धन यांनी कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून आयुष्यभर केला. सेप्टिक टाकीतील ताजा गाळ मात्र खत नव्हे. तो भाजीपाल्यावर कधीही टाकू नये. टाकीत साफसफाईसाठी माणूस उतरवणे प्राणघातक असून २०१३ च्या कायद्याने त्यास मनाई आहे. गाळ यंत्रानेच उपसून घ्यावा.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील चाचण्यांची एक वही ठेवावी. तीत गट क्रमांक, चाचणीची तारीख, खोली, मातीचे थर, भिजवणीचे तास, सर्व उतार, जवळच्या विहिरीचे अंतर व पावसाळ्याअखेरची पाण्याची पातळी यांची नोंद करावी. चार-पाच वर्षांत अशा नोंदींवरून गावाच्या कोणत्या शिवारात शोषखड्डा चालतो, कोठे चर हवेत आणि कोठे काहीच मुरत नाही, याचा नकाशा आपोआप तयार होईल. जेथे पाझर अतिशीघ्र आढळतो तेथील विहिरींचे पाणी तपासणीसाठी पाठवावे व शंका असल्यास भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

या पावसाळ्याअखेर प्रत्येक गावात निदान एका नव्या वस्तीवर ही चाचणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. घड्याळ लावून पाण्याचा उतार एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी केवळ गवंड्याच्या अंदाजावर खड्डा खणणार नाही.